दीडशे रुपयांची प्रतिज्ञा

डॉ. झाकीर हुसेन यांचा विषय निघाला की 'भारताचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती' एवढे अभिमानाने सांगून आपण थांबतो. १३ मे १९६७ रोजी ते राष्ट्रपती झाले आणि ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. म्हणजे हे पद त्यांना पुरती दोन वर्षेही लाभले नाही. त्याआधीची २२ वर्षे मात्र त्यांनी एका गरीब शिक्षणसंस्थेला दिली होती. त्यांची खरी ओळख तिथे आहे.

१९२० साली असहकाराची हाक आली तेव्हा झाकीर साहेब अलीगढच्या कॉलेजातून बाहेर पडले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. खिलाफत चळवळ ओसरली आणि जामियाचा पैशाचा ओघ आटला. संस्था बंद करावी, असा विचार सुरू झाला. तेव्हा झाकीर साहेब बर्लिनला शिकत होते. पदवी घेऊन ते १९२६ साली आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब यांच्यासह परतले. वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी त्यांनी जामियाची धुरा घेतली. पुढे १९२८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिज्ञा केली: २० वर्षे संस्थेची सेवा करू, दरमहा दीडशे रुपयांहून अधिक पगार घेणार नाही.

आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचे नाते आहे. १९३७ साली गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली. हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना आखण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष झाकीर साहेबच होते. नोव्हेंबर १९४६ मध्ये, देश दंगलींत होरपळत असताना, जामियाच्या रौप्यमहोत्सवात त्यांनी नेहरू, आझाद आणि जिना यांना एकाच व्यासपीठावर आणले आणि ही आग विझवा, अशी कळकळीची विनंती केली. १९४७ साली जालंधर स्टेशनवर त्यांच्या स्वतःच्याच जिवावर बेतले होते. तरीही हा देश आणि त्याची सेवा त्यांनी सोडली नाही. १९४८ साली ते अलीगढ विद्यापीठ सावरायला गेले.

त्यांची कबर जामियाच्या आवारातच आहे. त्यांच्या नावाचा अभिमान जरूर बाळगावा. पण आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेला, वाचनालयाला आपण किती वर्षे दिली, हेही स्वतःला विचारावे. राष्ट्रपतिपद एखाद्यालाच मिळते, अशी प्रतिज्ञा मात्र कुणालाही करता येते.