आजीच्या बोलीतली १९५४ ची निवडणूक

भंडारा म्हटले की भात, तलाव आणि पितळेची भांडी यांवरच बोलणे थांबते. मे १९५४ मध्ये याच भंडाऱ्यातून बाबासाहेब शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. उमेदवार कोण, विजयी कोण, हे कागदावर सापडते. पण प्रचाराला आलेल्यांसाठी कोणत्या घरातून तांदूळ गेले, बिडीची मजुरी बुडवून सभेला कोण गेल्या, मतदानानंतर मालगुजाराने कोणाला कामावर घेतले नाही, हे कोणी लिहून ठेवले? या प्रश्नांची उत्तरे आपल्याच घरात आहेत.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी हे ओळखले. चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांना बोलते करून त्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ मध्ये दिला. तसे काम आपल्या जिल्ह्यात गावोगावी व्हायला हवे.

यावर शिकलेले लोक म्हणतात, म्हातारी माणसे सनावळी चुकतात. मान्य. एखादी आजी १९५४ ची निवडणूक आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा एकाच वर्षात घालते. सन आपण तेव्हाच्या 'जनता' पत्राशी ताडून दुरुस्त करू. पण ती चूक खोडण्याआधी तिचा अर्थ विचारू. पेटीत झालेला पराभव आणि नागपुरात मिळालेली मुक्ती तिच्या मनात एकमेकींना चिकटून आहेत. ही गोष्ट कोणत्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही.

दुसरा प्रश्न भाषेचा. आजी झाडीबोलीत बोलते. तिचा 'डोळा' हा 'डोरा' असतो आणि 'पाणी' हे 'पानी'. लिहून काढताना आपली पदवीधर मुले ते 'शुद्ध' करतात. आम्ही विचारतो, ज्या शुद्ध-अशुद्धाने आपल्याला विहिरीपासून दूर ठेवले, तेच आता आजीच्या जिभेला लावायचे का? तिचे शब्द तिच्याच उच्चारात लिहा.

वेळ थोडा आहे. तेव्हा मतदानाचे वय २१ होते, म्हणजे बाबासाहेबांना मत देणारा माणूस आज नव्वदी ओलांडलेला आहे. दीक्षेच्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे.

वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते. त्यातली आठवड्याची एक संध्याकाळ ज्येष्ठांना द्या. परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा. नाव, माहेर, केलेले काम, दिलेले मत, घरातले देव कधी आणि कसे गेले, हे विचारा. तोच प्रश्न दुसऱ्या घरीही विचारा. फाईलवर गाव आणि तारीख टाका, आणि एक प्रत विहारात ठेवा.

जय भीम!