मज्जारज्जूची दुखापत

मज्जारज्जूची दुखापत म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूला इजा होऊन त्या पातळीखालील हालचाल, संवेदना व मलमूत्रावरील नियंत्रण अंशतः किंवा पूर्णतः जाणे.

कारणे व प्रथमोपचार
रस्ते अपघात, उंचावरून पडणे व ढिगाऱ्याखाली सापडणे ही प्रमुख कारणे होत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात दगडमातीची जड घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. अशा ढिगाऱ्यातून जखमीला ओढून काढल्यास इजा वाढू शकते. म्हणून मान व पाठ सरळ ठेवून त्याला सपाट फळीवरून हलवतात.

पुनर्वसन
तुटलेले मज्जातंतू सहसा पुन्हा जुळत नाहीत; त्यामुळे उरलेल्या शक्तीचा वापर शिकवणे हे पुनर्वसनाचे उद्दिष्ट असते. त्यात भौतिकोपचार, चाकाची खुर्ची, ठरावीक वेळी नळीने लघवी काढणे व नियमित कूस बदलणे येते. दाबव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग प्राणघातक ठरू शकतात. म्हणून ही शुश्रूषा घरच्यांनाही शिकवली जाते.