अनैतिक व्यापार प्रतिबंध : पोलीस व समाजसेवी संस्थांचे सहकार्य

स्त्रिया व मुले यांना फसवून, विकत घेऊन अथवा धाकदपटशाने वेश्याव्यवसायात लोटणाऱ्या गुन्ह्यास भारतीय कायद्याच्या परिभाषेत अनैतिक व्यापार ही संज्ञा रूढ आहे. छापा घालणे, सुटका करणे व पुरावा जमविणे ही पोलिसांची कामे, तर निवारा, औषधोपचार, कायदेविषयक साहाय्य व पुनर्वसन ही प्रामुख्याने समाजसेवी संस्थांची कामे होत. या दोहोंची उद्दिष्टे नेहमीच एक नसतात. पोलिसांच्या दृष्टीने सुटका झालेली स्त्री ही खटल्यातील साक्षीदार असते. संस्थेच्या दृष्टीने तिचे पुढील आयुष्य महत्त्वाचे असते. या दोन दृष्टींचा मेळ घालण्याचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा असून त्यात मुंबईला विशेष स्थान आहे.

आंतरराष्ट्रीय पार्श्वभूमी : १९०४ च्या पॅरिस करारान्वये सहभागी राष्ट्रांनी या व्यापारासंबंधीची माहिती एकत्रित करणारा अधिकारी नेमावा, तसेच रेल्वेस्थानके व बंदरे यांवर पाळत ठेवावी, असे ठरले. निराधार स्त्रियांना मायदेशी पाठवीपर्यंत सार्वजनिक वा खाजगी धर्मादाय संस्थांच्या स्वाधीन करण्याची तरतूदही त्यात होती. सहकार्याचे बीज असे या पहिल्याच करारात आढळते. पुढे १९१० व १९२१ चे करार झाले आणि २ डिसेंबर १९४९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी या विषयावरील व्यापक करार संमत केला.

मुंबईतील प्रारंभ : बंदर, कापडगिरण्या आणि कुटुंब गावी ठेवून आलेला कामगारवर्ग यांमुळे एकोणिसाव्या शतकात कामाठीपुरा व त्याच्या आसपास कुंटणखान्यांची वस्ती वाढली. ब्रिटिश अमदानीतील पोलिसांचे धोरण ही वस्ती मोडण्यापेक्षा तिला ठराविक भागात राखण्याचे होते. १९१७ साली डंकन मार्गावरील एका कुंटणखान्यात एका स्त्रीचा छळ होऊन खून झाला. त्या खटल्यातून तेथील स्त्रियांना कर्ज, मारहाण व कोंडून ठेवणे यांच्या बळावर कसे डांबले जाते, हे लोकांपुढे आले आणि सुधारणेच्या मागणीस जोर चढला. परिणामी १९२३ मध्ये मुंबई प्रांतात वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा संमत झाला. याच काळात मुंबईतील व्हिजिलन्स असोसिएशनने या प्रश्नावर लोकमत जागृत केले, तर साल्व्हेशन आर्मी व श्रद्धानंद महिलाश्रम यांसारख्या संस्था निराधार स्त्रियांना आश्रय देऊ लागल्या. पोलिसांनी सोडविलेल्या स्त्रीला ठेवावयाचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर अशा संस्थांखेरीज अन्यत्र फारसे नव्हते.

कायद्यातील तरतुदी : भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने मानवी व्यापारास मनाई केली. तदनुसार व १९४९ च्या करारास अनुसरून १९५६ साली केंद्रीय कायदा झाला. १९८६ च्या दुरुस्तीने त्यास ‘अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम’ हे नाव मिळाले. त्याच्या कलम १३ अन्वये विशेष पोलीस अधिकाऱ्याला साहाय्य करण्यासाठी त्या क्षेत्रातील जास्तीत जास्त पाच प्रमुख समाजकार्यकर्त्यांचे अशासकीय सल्लागार मंडळ नेमता येते. झडतीच्या वेळी दोन महिला पोलीस बरोबर असाव्यात आणि महिला अधिकारी उपलब्ध नसल्यास मान्यताप्राप्त संस्थेच्या स्त्री-सदस्याच्या उपस्थितीत चौकशी व्हावी, असेही बंधन घालण्यात आले. सुटका झालेल्या स्त्रीविषयी निर्णय घेताना दंडाधिकाऱ्यास पाच प्रतिष्ठित व्यक्तींचे साहाय्य घेता येते. अर्थात ही मंडळे नेमण्याचे बंधन नसून केवळ अधिकार असल्याने प्रत्यक्ष सहकार्य अधिकाऱ्यांच्या इच्छेवर अवलंबून राहिले.

छापे आणि त्यांची मर्यादा : फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत घातलेल्या छाप्यांत चारशेहून अधिक मुली व स्त्रिया यांची सुटका झाली, त्यांत नेपाळी मुलींची संख्या मोठी होती. परंतु एवढ्या जणींची व्यवस्था करण्याची पूर्वतयारी नव्हती. सुधारगृहांत दाटी झाली, अनेक मुली महिनोन्‌महिने तेथेच अडकून पडल्या आणि सक्तीच्या वैद्यकीय तपासण्यांवर टीका झाली. नेपाळ सरकार त्यांना परत घेण्यास उत्सुक नव्हते. अखेर तेथील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन अनेक मुलींना मायदेशी नेले. पुनर्वसनाची सोय नसलेली सुटका ही एका कोंडवाड्यातून दुसऱ्यात केलेली रवानगी ठरू शकते, हा धडा या प्रकरणाने दिला.

कामाठीपुऱ्यात १९८६ पासून कार्य करणाऱ्या ‘प्रेरणा’ या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली महत्त्वाचे निर्देश दिले. सुटका झालेल्या अल्पवयीन मुलीला गुन्हेगार न समजता काळजी व संरक्षण यांची गरज असलेले बालक मानावे, तिला बालकल्याण समितीपुढे न्यावे आणि आरोपीच्या वकिलाने तिचीही बाजू मांडू नये, असे त्यात म्हटले होते. कुंटणखान्याच्या चालकांनीच वकील देऊन मुलींना पुन्हा ताब्यात घेण्याची वाट त्यामुळे अडविली गेली.

अलीकडील व्यवस्था : २००० च्या पालेर्मो प्रोटोकॉलने वेठबिगारी, गुलामगिरी व अवयव काढणे यांसाठी होणारा व्यापारही व्याख्येत घेतला, भारताने त्यास २०११ मध्ये अनुसमर्थन दिले. २००६ पासून संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने महाराष्ट्र व गोवा यांसह काही राज्यांत मानवी व्यापारविरोधी पोलीस पथकांचा प्रयोग झाला. पोलीस, अभियोक्ते, कल्याण अधिकारी आणि संस्था यांनी एकत्र काम करावे, ही त्यामागील कल्पना होती. २०१३ साली दंड संहितेचे कलम ३७० विस्तृत झाले. जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ ने घेतली. स्वेच्छेने व्यवसाय करणाऱ्या प्रौढ स्त्रियांना छाप्यात अटक, दंड वा छळ होऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी दिला.

त्यामुळे सक्ती कोणावर आहे व कोणावर नाही, हे ओळखण्याची जबाबदारी आता छाप्याच्या क्षणापासूनच सुरू होते. गणवेशातील अधिकाऱ्यापुढे भयभीत मुलगी सहसा खरे वय व हकीकत सांगत नाही. विश्वासातल्या कार्यकर्तीजवळ ती बोलू शकते. तिच्या जबाबावर खटला उभा राहतो आणि तिच्या पुनर्वसनावर ती पुन्हा दलालाच्या हाती पडणार की नाही, हे ठरते. पोलीस व संस्था यांच्या सहकार्याचे यश म्हणूनच छाप्यांच्या संख्येवरून न मोजता परत न गेलेल्या मुलींवरून मोजणे अधिक योग्य होय.