वेढ्यांचा हिशेब : पालघर-बोईसर पट्ट्यातील विद्युतचुंबक

पालघर-बोईसर पट्ट्याचा औद्योगिक इतिहास सहसा तारापूरचे अणुवीज केंद्र आणि औद्योगिक वसाहत यांपासून सुरू केला जातो. परंतु लोखंडाभोवती तार गुंडाळून त्याला हवे तेव्हा चुंबक बनवण्याची विद्या, जिच्यावाचून या दोहोंचे पानही हलत नाही, ती येथे त्यांच्या शंभर वर्षे आधी रेल्वेच्या तारायंत्राबरोबर आली होती.

या विद्येचा आरंभ इंग्लंडमध्ये झाला. 1825 साली विल्यम स्टर्जन याने नालेच्या आकाराच्या लोखंडी कांबीला वार्निश देऊन तिच्यावर उघड्या तारेचे अवघे 18 वेढे दिले आणि सुमारे 4 किलो वजन उचलून दाखवले. उघड्या तारेचे वेढे एकमेकांना टेकले की धारा आडवाटेने जाते, म्हणून ते विरळ ठेवावे लागत. अमेरिकेतील जोसेफ हेन्रीने तारेलाच रेशमाचे आवरण देऊन थरांवर थर चढवले, आणि 1831 मध्ये येल कॉलेजसाठी केलेल्या त्याच्या चुंबकाने 900 किलोंहून अधिक भार पेलला.

मात्र जितके वेढे अधिक तितके चुंबक बलवान, हा शालेय प्रयोगातून रूढ झालेला समज अर्धाच खरा आहे. बळ ठरते ते अँपिअर-वेढ्यांवर, म्हणजे धारा आणि वेढ्यांची संख्या यांच्या गुणाकारावर. सेलचा दाब, तारेची जाडी आणि वेढ्याचा घेर कायम ठेवून वेढे दुप्पट केले, तर तारेची लांबी व तिचा रोधही दुप्पट होतो, धारा निम्मी होते आणि गुणाकार जिथल्या तिथे राहतो. फायदा एवढाच की तार कमी तापते आणि सेल अधिक टिकतो. याउलट 26 नंबरची, म्हणजे 0.46 मिलिमीटर व्यासाची तार काढून 20 नंबरची, 0.91 मिलिमीटरची, तितक्याच वेढ्यांनी भरली, तर रोध चौथाई होऊन बळ जवळपास चौपट होऊ शकते, अर्थात सेलला तेवढी धारा पुरवता आली आणि लोखंड संपृक्त झाले नाही तर. दूरच्या तारायंत्रात हिशेब उलटतो: मैलोगणती तारेचा रोधच इतका मोठा असतो की गुंडाळीचे वेढे वाढवल्याने धारा फारशी घटत नाही, त्यामुळे तेथे बारीक तारेचे पुष्कळ वेढेच उपयोगी पडतात. हा भेद हेन्रीनेच ओळखला होता आणि त्याचे खरे मोठेपण त्या 900 किलोंपेक्षा यात आहे. 1864 मध्ये बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग या पट्ट्यातून मुंबईकडे पोहोचला, तेव्हा गाड्यांच्या संदेशांची भिस्त अशाच बारीक गुंडाळ्यांवर होती.

28 ऑक्टोबर 1969 रोजी तारापूर केंद्रातून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. तेथील जनित्राचा फिरता भागही विद्युतचुंबकच आहे.

पुढे औद्योगिक वसाहतीतील मोटारींनी बोईसरला रिवायंडिंगचा धंदा दिला. जळालेली मोटार उघडल्यावर वायंडर आधी प्रत्येक कॉइलचे वेढे मोजतो, तारेचे गेज पाहतो आणि दोन्ही आकडे वहीत उतरवून मगच जुने तांबे काढतो, कारण प्रत्यावर्ती धारेच्या मोटारीत वेढे कमी पडले तर लोखंड संपृक्त होते, मोटार जादा धारा ओढते आणि पुन्हा जळते. कोणत्या यंत्राला किती वेढे आणि कोणती तार, याची नोंद असलेल्या अशा वह्या या भागाच्या उद्योगेतिहासाची अस्सल साधने आहेत. त्या रद्दीत जाण्यापूर्वी जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आणि आयटीआयनी गोळा करून जपायला हव्यात.