मिररलेस कॅमेरा घ्यायचाय? आधी हे तपासा

मिररलेस म्हणजे लेन्स बदलता येणारा, पण डीएसएलआरसारखा आतला आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा. आरसा नसल्यामुळे बॉडी पातळ होते. पॅनासॉनिकचा ल्युमिक्स जी१ (२००८) हा या प्रकारातल्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांपैकी एक.

बॉडी लहान म्हणजे बॅग हलकी, असं मात्र नाही. लेन्स किती मोठी लागेल, हे बरंचसं सेन्सरवर ठरतं. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा, तर मायक्रो फोर थर्ड्स सुमारे १७ × १३ मिमीचा असतो. त्यामुळे मायक्रो फोर थर्ड्सवर ३०० मिमीची लेन्स पक्षी जितका जवळ दाखवते, त्यासाठी फुल फ्रेमवर ६०० मिमीची लागते. भिगवणला फ्लेमिंगो टिपायला जाणाऱ्यांना हा फरक खांद्यावर जाणवतो. कमी उजेडात मात्र मोठा सेन्सर सरस ठरतो.

कोणी घ्यावा? पक्षी, खेळ, नाटक किंवा लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी. भर उजेडातले घरगुती फोटो आणि रील्स यांना बहुतेकदा फोन पुरतो. लेन्स बदलायचीच नसेल, तर फिक्स्ड लेन्सचा कॉम्पॅक्ट कॅमेरा सोयीचा.

बजेट ठरवताना बॉडीसोबत लेन्स आणि जादा बॅटरी धरा. स्क्रीन किंवा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर सतत चालू असल्याने बॅटरी लवकर उतरते. वेगळ्या माउंटची लेन्स थेट बसत नाही, म्हणून आधी लेन्स निवडा, मग बॉडी. शक्य असल्यास दोन दिवस भाड्याने घेऊन वापरून पाहा.