जुना संगणक बदलताना लॅपटॉपचा प्रोसेसर कसा निवडावा?

"आय-फाइव्ह आहे, डोळे झाकून घ्या." दुकान किनवटचं असो की नांदेडचं, लॅपटॉप दाखवताना हे वाक्य हमखास कानावर येतं. इस्लापूरहून नांदेडला जायचं तर अख्खा दिवस मोडतो. घरी आणल्यावर मशीन रेंगाळायला लागलं, तर पुन्हा तीच चक्कर. आणि बहुतेक घरांत लॅपटॉप एकच येतो. त्यावरच मुलीचं कॉलेज, मुलाचे ऑनलाइन फॉर्म आणि अब्बांच्या दुकानाचा हिशोब पाच-सहा वर्षं चालवायचा असतो. म्हणून 'आय-फाइव्ह'च्या पुढे जे आकडे लिहिलेले असतात, ते कसे वाचायचे हे आम्ही इथे सांगत आहोत.

आधी घरातल्या जुन्या संगणकाकडे बघू. टेबलाखालच्या पेटीलाच आपल्याकडे सीपीयू म्हणतात, पण खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा आतल्या मदरबोर्डवर बसवलेली छोटी चिप असतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. लॅपटॉपच्या रायझनमध्ये ३००० च्या पुढचा क्रमांक बघावा. जुनं मशीन या अटीत बसत असेल आणि फक्त हळू चालत असेल, तर नवीन घेण्याची घाई करू नका. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. अनेकदा एवढ्यावरच काम भागतं. मशीन कोअर टू ड्युओ किंवा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचं असेल, तर मात्र त्यावर आता खर्च करू नये.

आता इंटेलचे आकडे. आय५-५२००यू मध्ये पहिला आकडा ५, म्हणजे पाचवी पिढी. आय५-१०२१०यू म्हणजे दहावी. आय५-१२३५यू मध्ये चारच आकडे दिसतात, पण ती पहिली पिढी नव्हे, बारावी. पहिल्या पिढीच्या क्रमांकात तीनच आकडे असायचे. हे कळलं की दुकानातली अर्धी बोलणी आपोआप कळतात.

फसगत सर्वात जास्त होते ती जुन्या, म्हणजे सेकंड हँड लॅपटॉपमध्ये. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले लॅपटॉप साफसूफ करून 'आय-सेव्हन' म्हणून विकले जातात. आय७-७५००यू हा २०१६ चा प्रोसेसर, त्यात कोअर फक्त दोन. २०२२ च्या साध्या आय३-१२१५यू मध्ये सहा कोअर आहेत, दोन वेगवान आणि चार छोटे. नाव आय-थ्री असलं तरी कामाला तोच सरस. लॅपटॉपच्या यू वर्गात आय५ आणि आय७ ला चार कोअर मिळाले ते २०१७ च्या आठव्या पिढीपासून. विंडोज ११ ची रेषाही तिथेच आहे. म्हणून सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी आम्ही तो घ्या म्हणणार नाही.

एएमडीच्या रायझनमध्ये गोम वेगळी आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच वाटतील. पहिल्यात चार कोअर आहेत आणि आतली बांधणी २०१९ ची, झेन २ नावाची. दुसऱ्यात सहा कोअर आणि त्यानंतरची झेन ३ बांधणी. ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा बघायचा: २ असेल तर बांधणी जुनी, ३ किंवा ४ असेल तर नवी. शिवाय ७५२०यू च्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की असते, पुढे वाढवता येत नाही. आज ८ जीबी घेतली की कायमची ८ जीबीच.

सेलेरॉन एन४०२० वाले लॅपटॉप ऑनलाइन सेलमध्ये फार स्वस्त दिसतात. त्यात दोनच कोअर, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये एसएसडीऐवजी संथ ईएमएमसी साठवण. त्यावर ब्राउझरच्या चार खिडक्या आणि एक व्हिडिओ क्लास एकदम चालवून बघा, मग समजेल. एन१०० चार कोअरचा आहे, टायपिंग आणि फॉर्मपुरता चालेल, पण इंजिनिअरिंगच्या मुलाला देऊ नका.

क्रमांकाच्या शेवटचं अक्षरही बघा. यू म्हणजे साधारण १५ वॅटचा, कमी तापणारा. एच म्हणजे ४५ वॅटच्या वर्गातला, ताकदवान, पण पंखा सारखा घरघरणार आणि बॅटरी लवकर उतरणार. आपल्याकडचा मे महिना आणि जाणारी लाईट लक्षात घेता घरासाठी यू बरा. व्हिडिओ एडिटिंग, ऑटोकॅड किंवा गेमिंग असेल तरच एच. नव्या मॉडेलवर कोअर ५ १२०यू अशी नावं दिसतील. २०२४ पासून इंटेलने काही मालिकांमधला 'आय' काढून टाकला, पण या प्रोसेसरची आतली बांधणी आधीच्या आय-फाइव्हच्याच घराण्यातली आहे. 'अल्ट्रा' आणि 'एआय लॅपटॉप' या नावांसाठी जास्तीचे पैसे मोजण्याची गरज घरगुती कामाला सध्या तरी वाटत नाही. त्याच पैशांत १६ जीबी रॅम घेतलेली बरी.

आमच्या मते कॉलेजच्या साधारण कामाला बाराव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आय३ पुरतो. कोडिंग शिकणाऱ्याला त्याच पिढ्यांतला आय५ किंवा रायझन ५ ७५३०यू. दोन्हीसोबत ५१२ जीबी एसएसडी.

दुकानात पैसे देण्याआधी लॅपटॉप चालू करायला लावा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट उघडलं की प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक आणि रॅम दिसते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर कोअर किती तेही दिसतं. जुना लॅपटॉप असेल तर चार्जर काढून अर्धा तास चालवून बघा. बिलावर नुसतं 'आय-फाइव्ह लॅपटॉप' लिहून घेऊ नका. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम, एसएसडी आणि मशीनचा सिरियल नंबर लिहायला लावा. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर शेजारच्या दुकानात जा.