प्राधान्य गुण (शिकार परवाना)

प्राधान्य गुण ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील, विशेषतः पश्चिमेकडील राज्यांतील, मोठ्या वन्य प्राण्यांच्या शिकारीचे मर्यादित परवाने वाटण्याची एक पद्धत आहे. वार्षिक सोडतीत परवाना न मिळालेल्या अर्जदारास एक गुण मिळतो आणि पुढील सोडतीत अधिक गुण असलेल्यांचा विचार आधी केला जातो. काही राज्यांत हा गुण वेगळे शुल्क भरून घ्यावा लागतो. हरणकुळातील एल्क, मूस व म्यूल हरीण, तसेच प्रॉन्गहॉर्न आणि बिगहॉर्न मेंढा हे या पद्धतीखाली येणारे प्रमुख प्राणी होत. गुण प्रत्येक राज्यात व प्रत्येक प्राण्यासाठी स्वतंत्रपणे मोजले जातात. एल्कचे गुण मूससाठी चालत नाहीत.

पार्श्वभूमी

अमेरिकेत वन्य प्राणी जमीनमालकाची मालमत्ता नसून राज्याने जनतेच्या वतीने सांभाळावयाची ठेव मानले जातात. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीमुळे एल्क व प्रॉन्गहॉर्न यांची संख्या फार घटली. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापारास बंदी घातली, तर १९३७ च्या पिटमन–रॉबर्टसन कायद्याने बंदुका व दारूगोळ्यावरील कर राज्यांच्या वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. कळपांच्या संख्येनुसार प्रत्येक शिकार विभागासाठी परवान्यांची मर्यादा ठरते. अर्ज त्याहून अधिक आल्यास सोडत काढली जाते. साध्या सोडतीत एखाद्यास पहिल्याच वर्षी परवाना मिळे, तर दुसरा वर्षानुवर्षे रिकाम्या हाताने परते. या पद्धतीमागे ही विषमता दूर करण्याचा हेतू आहे.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी असल्याने येथे अशी व्यवस्था नाही.

गुणांचे प्रकार

निव्वळ प्राधान्य पद्धतीत परवाने सर्वाधिक गुण असलेल्या गटापासून खाली वाटले जातात. कोलोरॅडोने एल्क व हरणांसाठी प्रामुख्याने ही पद्धत अवलंबली. वायोमिंगमध्ये परराज्यातील शिकाऱ्यांसाठी एल्क, हरीण व प्रॉन्गहॉर्न यांचे ७५ टक्के परवाने गुणानुक्रमे आणि २५ टक्के परवाने गुण न पाहता सोडतीने दिले जातात. शून्य गुणांच्या अर्जदारास मागणी असलेल्या विभागात संधी मिळते ती या २५ टक्क्यांतच.

बोनस गुण मात्र वेगळे. त्यांत क्रम लागत नाही. केवळ सोडतीतील चिठ्ठ्या वाढतात. नेव्हाडात गुणांचा वर्ग करून त्यात एक मिळवला जातो. त्यामुळे दहा गुण असलेल्याच्या १०१ चिठ्ठ्या पडतात आणि नवख्याची एकच. तरीही ती एक निघू शकते. न्यू मेक्सिको व अलास्का येथे गुणपद्धत नाही.

नवख्या शिकाऱ्याची स्थिती

निव्वळ प्राधान्य पद्धतीतील मुख्य अडचण ‘पॉइंट क्रीप’ या नावाने ओळखली जाते. समजा, एका विभागात दरवर्षी २० परवाने आहेत आणि सर्वाधिक गुणांचे ४०० अर्जदार आहेत. वर्षाला २० जण रांगेतून बाहेर पडतात, उरलेल्यांचा प्रत्येकी एक गुण वाढतो. या गटातील शेवटच्या व्यक्तीस २० वर्षे लागतात आणि एकच गुण कमी असलेल्याची पाळी त्यानंतर येते. नवखा दरवर्षी न चुकता गुण जमवत राहिला तरी पुढच्यांशी असलेले त्याचे अंतर तेवढेच राहते. पाळी येईपर्यंत डोंगर चढण्याचे वय उलटलेले असू शकते. परवाना न मागता केवळ गुण घेण्याची सोयही बहुतेक ठिकाणी असल्याने रांगेची खरी लांबी अर्जांवरून कळत नाही.

या पद्धतीमुळे शिकारीचे नियोजन आधी करता येते, असे समर्थक म्हणतात. हे आधीपासून रांगेत असलेल्यांपुरतेच खरे आहे.

परराज्यातील नवख्यास आणखी एक मर्यादा असते, कारण परवान्यांचा मोठा वाटा स्थानिकांसाठी राखीव असतो. परराज्यातील शिकाऱ्यांकडून अधिक शुल्क घेण्याचा मोंटाना राज्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बाल्डविन खटल्यात मान्य केला.

व्यवहारातील नियम

सुरुवातीस शिकारी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना ते सक्तीचे आहे. ॲरिझोनात राज्याचे प्रशिक्षण पूर्ण केल्यास एक कायमस्वरूपी बोनस गुण मिळू शकतो.

एकत्रित अर्जाचे नियम नवख्यांना सहसा ठाऊक नसतात. सहा गुणांच्या अनुभवी शिकाऱ्याने शून्य गुणांच्या मित्रासह अर्ज केल्यास कोलोरॅडोत दोघांचे गुण शून्य धरले जातात, कारण तेथे गटातील सर्वांत कमी गुण ग्राह्य असतात. वायोमिंगमध्ये सरासरी काढतात, म्हणून तेथे तीन गुण धरले जातात.

कोलोरॅडोत पहिल्या पसंतीचा परवाना मिळताच त्या प्राण्याचे गुण संपतात, मग शिकार साधो वा न साधो. दुसऱ्या पसंतीचा परवाना मिळाल्यास मात्र ते कायम राहतात. त्यामुळे पहिल्या पसंतीत केवळ गुण मागावा आणि दुसरीत मादी एल्कसारखा कमी मागणीचा परवाना घ्यावा, हा मार्ग अनेक जण पत्करतात. सोडतीनंतर उरलेले परवानेही गुण खर्च न करता घेता येतात. वायोमिंगमध्ये सलग दोन वर्षे अर्जही केला नाही व गुणही घेतला नाही, तर साठलेले सर्व गुण रद्द होतात.